गळत्या कड्याखालचा तांब्या

भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार. पाताळगंगेचा घाट, लोधिवली. पाऊस नाही. हजर: तुझे दोन्ही मुलगे, तुझा भाऊ बाळू, चौकहून कल्हईवाले इब्राहीमचाचा, वरच्या वाडीतले चार ठाकर, गावातली एकवीस माणसं, भटजी आणि मी. पाटील उशिरा आले. शाळेला अर्ध्या दिवसाची सुटी दिली होती.

धाकू, ही तुझ्या दहाव्याची नोंद. तू असतास तर म्हणाला असतास, मास्तर, मेलेल्याच्या घाटावर पन हजेरी घेतोस व्हय रं. घेतली. हात रिकामे ठेवून उभं राहणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. पिंड ठेवून आम्ही मागं सरतो न सरतो तोच कावळा शिवला. सगळे म्हणाले, धाकूचं काही राहिलं नव्हतं. कुणाला काही कबूल करावं लागलं नाही. मी घाटाच्या पायरीवर उभा राहून डोंगरावर चढणाऱ्या वाटेकडे बघत होतो. तुझं काही राहिलं नसेल. माझं राहिलं आहे.

ती वाट कसली, हे तुला सांगायला नको. पण हा कागद उद्या तुझ्या नातवंडांच्या हाती पडेल, म्हणून त्यांच्यासाठी चार ओळी. चैत्री पौर्णिमेला डोंगरावरच्या आईची जत्रा भरते. सकाळी गावोगावचे पळणारे घाटावर जमतात. प्रत्येकाच्या हातात नदीच्या पाण्यानं गळ्यापर्यंत भरलेला तांब्या. तिथून पळत सुटायचं ते कोसभराची चढण चढून देवळापर्यंत. जो पहिला पोहोचेल त्याच्या तांब्यात पुजारी बोट घालून बघतो. पाणी गळ्याशी असेल तर त्याच्या हातानं आईला पहिलं स्नान. नसेल तर मागच्याला बोलावतात. नुसतं पळणं नाही, नुसतं सांभाळणंही नाही. तुझ्या बापानं तीन वेळा ते पाणी घातलं होतं. तो गेल्यापासून तुमच्या घरातला तांब्या फळीवर पालथा होता.

आता मानमोडीच्या तापानंतरचा, सोळा वर्षांपूर्वीचा पावसाळा. त्या तापानं तुझा बाप नेला आणि पंधरा दिवसांनी माझी बायको नेली. तिच्यामागं मी शाळा चुकवली नाही. हजेरीपट वेळेवर भरला, फळ्यावर तारीख रोज घातली. पण घरी आलो की ओटीवर बसून राहायचो. भात कधी शिजवायचो, कधी नाही. दिवसाच्या कामांची यादी करायची माझी लहानपणापासूनची सवय, ती सुटली होती. हे मी कुणाला बोललो नव्हतो.

आषाढात एका सकाळी तू दारात येऊन उभा राहिलास. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर इरलं, हातात बापाचा तांब्या. म्हणालास, "मास्तर, चैतात मला आईच्या डोक्यावर पानी घालायचं हाय. एकदा तरी. यादी कर."

मी म्हणालो, जत्रेला नऊ महिने आहेत. आत्ता लावणी चालू आहे. या दिवसांत कोण पळतं?

"कोन नाय पळत," तू म्हणालास. "म्हनून तर आलो. चैतात काय, सगळेच पळतात."

हे मला पटलं. लोक माघात तालमीला लागतात आणि पळता पळता अंग जत्रेच्या दिवशी कुठं तापायला लागतं. पावसाळ्याचे चार महिने आणि कापणीचे दोन जो पाय जागे ठेवील त्याचा पहिला तांब्या, हे गणित मी त्याच बैठकीत मांडलं. शाळेच्या जुन्या वहीची पाठकोरी पानं काढली. किती महिन्यांनी मी रेघा मारत होतो, आणि तू ओट्याच्या कडेला बसून पाय धूत होतास.

यादी अशी होती. पहाटे उठल्यावर नाचणीची आंबील, वर गुळाचा खडा. मग घाट ते चुन्याचा दगड. हा दगड देवळाच्या खाली दोन वळणांवर, मीच त्याला चुना फासून ठेवला होता. रोज एकदा, तांब्या भरून. दगडाशी पाणी बघून ओतून टाकायचं आणि चालत खाली उतरायचं. त्यानंतर दिवसभर शेतात रोपांचे भारे वाहणं आहेच, ते वेगळं धरायचं नाही. रात्री पायाच्या बोटांच्या बेचक्यांत हळद आणि खोबरेल. कारण लावणीच्या चिखलानं तुला चिखल्या होत होत्या, आणि चिखल्या झालेल्या पायानं माणूस चढण चढताना टाचेवर जोर देतो, हे मी बघितलं होतं. एकादशीला विश्रांती. यावर आपलं पहिलं भांडण झालं. तू म्हणालास, पायांना कुठं ठावं असतं एकादशी कदी येते. मी म्हणालो, विश्रांती हाही तालमीचा भाग आहे. तू म्हणालास, मंग तू कर ती, मी पळतो. हे भांडण सोळा वर्षांत मिटलं नाही. आता मी जिंकलो असं म्हणायचं का? मला तरी तसं वाटत नाही.

तू खाली घाटावरून निघणार, तर वर दगडाशी कुणीतरी पाहिजे. ते माझं काम. शाळा भरायच्या आधी मी इरलं पाठीवर घेऊन रोज ती चढण चालत चढायचो आणि दगडाजवळ उभा राहायचो. तू कधी निघालास ते वरून कळायची सोय नव्हती, त्यामुळं वेळ मोजता येत नव्हती. म्हणून मी तांब्या मोजायचा. वहीत चार रकाने: तिथी, तांब्या, पाय, दम. तू धापा टाकत वळणावरून वर यायचास, तांब्या पुढं करायचास, मी बोट घालून बघायचो. भरलेला. दुसऱ्या दिवशी भरलेला. आषाढभर, श्रावणभर, भाद्रपदाच्या अर्ध्यापर्यंत माझ्या वहीत त्या रकान्यात एकच शब्द आहे. मला अभिमान वाटायला लागला होता. असा हात मी कुणाचा बघितला नव्हता.

त्या सकाळी आठवतात तेव्हा मला जत्रा आठवत नाही. इरल्याखालचा ओल्या पानांचा वास आठवतो. समोर काही दिसायचं नाही, नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यातून तुझ्या पायांचा चपचप आवाज आधी यायचा, मग तू. पोचलास की पहिलं वाक्य ठरलेलं: काय रं मास्तर, आज पन आलास? जसा काही मीच उशिरा उगवलो होतो. एकदा मी वहीत बघून तुला सांगितलं की काल तुझा दम आजच्यापेक्षा बरा होता, तर तू दगडावर बसून इतका हसलास की दम आणखीच लागला. खाली उतरताना आपण बोलायचो. म्हणजे तू बोलायचास. कुणाची म्हैस गाभण आहे, बाळूनं कुठला बांध फोडला, तुझ्या बायकोनं, चांगूवहिनीनं, तुला पळण्यावरून काय सुनावलं. मी उतरता उतरता भात शिजवायचं ठरवायचो. मग दुपारच्या कामांची यादी मनात होऊ लागली. मग कागदावर.

पुढं आश्विनात पाऊस संपला, कार्तिकात कापण्या झाल्या, माघात तू इतरांबरोबर तालमीला लागलास; मी मात्र भाद्रपदाच्या अर्ध्यातच दगडाशी जायचं थांबवलं होतं. आता काय बघायचं, असं मला वाटलं. हात तयार आहे, दम तयार आहे. वही बंद करून तिला दोरा बांधला.

चैत्री पौर्णिमेला तू पहिला पोहोचलास. मागचा गडी दोन वळणं खाली होता. लोकांनी ओरडून डोंगर डोक्यावर घेतला. पुजाऱ्यानं तांब्यात बोट घातलं, ते खाली खाली गेलं, मग त्यानं हात बाहेर काढून दोन बोटं दाखवली. तळाला दोन बोटं पाणी.

पुढं मी जे केलं ते आठवलं की अजून कान तापतात. मी गर्दीतून पुढं घुसलो, वहीचा दोरा सोडला आणि पुजाऱ्याला पानं दाखवायला लागलो. हे बघा, आषाढ शुद्ध. हे बघा, वद्य. एक दिवस चुकलेला नाही, रोज भरलेला आहे, याचा हात असा नाही, आज काहीतरी झालं आहे. लोक हसायला लागले. तेवढ्यात मागचा गडी आला. त्याचा तांब्या गळ्याशी होता, त्याला आत नेलं. आणि तू काय केलंस, तर ते दोन बोटं पाणी तोंडाला लावून गटागटा पिऊन टाकलंस. मी म्हणालो, अरे, देवीचं पाणी ते. तू म्हणालास, तिला नको झालंय, मला तहान लागलीय.

उतरताना इब्राहीमचाचा बरोबर होते. ते जत्रेत भांडी दुरुस्तीचं दुकान मांडायला यायचे. त्यांनी माझ्याकडून वही मागून घेतली, पानं उलटली, आणि त्या दोन वळणांच्या खाली आलो तसे थांबले. तिथं वाटेवर कडा पुढं आलेला आहे. वीसेक पावलं त्याच्याखालून चालावं लागतं. त्यांनी वर बोट केलं. म्हणाले, "मास्तर, पावसात हा कडा गळतो की नाय?"

गळतो. धारा लागतात. रोज सकाळी मी त्याच धारांखालून गेलो होतो आणि माझ्या इरल्यावर रोज ताशा वाजला होता. दगड त्या कड्याच्या वर, शंभर पावलांवर. तू खालून काहीही घेऊन ये, रिकामा तांब्या घेऊन ये, त्या वीस पावलांत तो भरणारच. मी अडीच महिने कड्याचं पाणी मोजलं होतं आणि तुझ्या हाताच्या नावावर लिहिलं होतं.

चाचा हसले नाहीत. वही मला परत देत इतकंच म्हणाले की अक्षर छान आहे.

मी तुला तिथंच विचारलं. तांब्या तुझ्या हातात होता, धाकू. कड्याखाली तो जड झालेला तुला कळला नाही, हे शक्य नाही. तुला ठाऊक होतं का? तू इकडंतिकडं बघितलंस, तांब्याचा पोचा अंगठ्यानं चोळलास. म्हणालास, "तू एवढं झ्याक लिवत होतास."

हे उत्तर नव्हतं. मी तसं म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो. तू माझा वेळ फुकट घालवलास, तू बापाचा मान घालवलास, इथपर्यंत म्हणालो. शेवटचं म्हणायला नको होतं. ते मी परत घेतलं नाही, तू मागितलंही नाहीस. वैशाख आणि ज्येष्ठ आपण बोललो नाही.

आषाढात एका सकाळी मी ओटीवर दात घासत होतो. तू समोरून घाटाकडे गेलास. हातात तांब्या. माझ्याकडे बघितलं नाहीस, पण माझ्या दारावरून घाटाची वाट जात नाही. मी चूळ भरली आणि इरलं उचललं.

त्या वर्षी मी शहाणा झालो होतो. तांब्यात हळद कालवली, म्हणजे कड्याचं पाणी पडलं की रंग फिका होईल आणि कळेल. पहिल्या दिवशी तू वर आलास तो छातीपासून गुडघ्यापर्यंत पिवळा. म्हणालास, मास्तर, माजं परत लगीन लावतोस का काय. मग मी ती रीत सोडली. जोराच्या पावसाचे दिवस शाळेच्या पडवीत, शाळा भरायच्या आधी, या टोकापासून त्या टोकापर्यंत शंभर खेपा, आणि खाली सारवलेल्या जमिनीवर सांडलेले थेंब मोजायचे. उघडीप असेल तेव्हा दगड, पण दगड कड्याच्या खाली आणून ठेवला. चुना पुन्हा फासला. कार्तिकापासून जत्रेपर्यंत मी एक दिवस सोडला नाही.

तिसऱ्या वर्षी तू पहिलं पाणी घातलंस. ते सगळे सांगतात, मी लिहीत नाही.

पुढं नवे गडी आले, तू जत्रेत पळायचं सोडलंस, पण पावसाळा सोडला नाहीस. आषाढ लागला की तू आणि तांब्या. तुला विचारलं, आता कशासाठी, तर म्हणायचास, पाय गंजतात. मीही कधी म्हणालो नाही की आता मी दगडाशी कशासाठी येतो. चाचांनी किती वेळा तो तांब्या मागितला, पोचा काढून देतो म्हणून. तू दिला नाहीस. तुझा अंगठा बरोबर त्या पोच्यात बसायचा. आणि दर दोन-तीन वर्षांनी, उतरताना, मी सहज विचारल्यासारखं विचारायचो: पहिल्या वर्षी तुला ठाऊक होतं ना? तू म्हशीवर बोलायला लागायचास.

यंदा श्रावणात तुला खोकला होता. मी म्हणालो, आठ दिवस थांब. तू म्हणालास, तू थांब, तुझा गुडघा दुखतो ते मला दिसतं. तो दुखत होताच. भाद्रपद शुद्ध सप्तमीला मी आलो नाही. अष्टमीलाही नाही. पहिलं वर्ष सोडलं तर पावसाळ्यात सलग दोन दिवस मी तुझा तांब्या बघितला नाही असं झालं नव्हतं. अष्टमीला संध्याकाळी तुला ताप भरल्याचा निरोप आला. मी चार दिवस तुझ्या उशाशी बसलो, काढा दिला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, दर दोन तासांनी अंगाला हात लावून लिहून ठेवलं. तू बोलण्यासारखा नव्हतास. द्वादशीला गेलास. वहीत सप्तमी आणि अष्टमी कोरी आहेत. मी नव्हतो, तेव्हा काय लिहिणार?

मंगळवारी घाटावरून आम्ही तुझ्या घरी आलो. चांगूवहिनी चुलीपुढं बसल्या होत्या. मुलं बाहेर गेल्यावर त्यांनी फळीवरून तांब्या काढून माझ्यापुढं ठेवला. म्हणाल्या, अष्टमीला हे वर जाऊन आले, ते पाणी तसंच घेऊन आले. दगडावर कोन नव्हतं, मास्तराला दाखवायचं हाय, सांडू नको, असं म्हणून फळीवर ठेवलं आणि आडवे झाले. ते पाणी चार दिवस तिथं होतं. तुला नेल्यावर त्यांनी तुळशीला घातलं. गळ्यापर्यंत होतं, त्या म्हणाल्या.

म्हणजे तू वर नेलंस आणि भरलेलं खाली आणलंस, अंगात ताप असताना. अष्टमीला पाऊस नव्हता. पण पावसानंतर कडा चार दिवस गळतो, आणि दगड खाली असला तरी तू सवयीनं कड्याच्या वरपर्यंत गेला असशील, तेव्हा हा पुरावा धरता येत नाही. बघ, माझं डोकं अजून कुठं चालतं.

मग मी त्यांना विचारलं. सोळा वर्षांपूर्वीचं. वाटलं, त्यांना तरी ठाऊक असेल.

"ठावं व्हतं त्यांना," वहिनी म्हणाल्या. "पयल्या दिवसापासून. मीच बोलले, मास्तराला सांगा, तो बिचारा लिवत बसतो. तर मला म्हनाले, गप ऱ्हा. तो मानूस घरात मरून बसला व्हता. आता रोज दगडापोत चढून येतो. पानी कुनाचं हाय ते कळलं तर यायचा नाय."

मी विचारलं, मग बापाचा मान, आईला पाणी घालायचं, ते?

त्या म्हणाल्या, "ते पन व्हतं. पन ते चैतातलं."

मी तांब्या घेऊन घरी आलो. वाटेत चाचा भेटले, आता तरी पोचा काढू का म्हणाले. नको म्हणालो. घरी आल्यावर माझा अंगठा त्यात ठेवून बघितला. बसत नाही. माझा अंगठा लहान आहे.

मी तुझ्यावर रागवायचा प्रयत्न केला, धाकू. मला ठाऊक नसताना माझी तालीम घेतलीस. मी समजत होतो की मी तुला पळवतोय. सोळा वर्षं मी तुला विचारत राहिलो आणि तू म्हशीवर बोलत राहिलास, आणि बापाच्या मानावरून मी जे बोललो तेही तू तसंच कुठंतरी फळीवर ठेवून दिलंस. त्याबद्दल मी तुझी माफी मागितली नाही. आभार मानायचा तर प्रश्नच नव्हता, कारण कशाबद्दल ते मला कळलंच नव्हतं.

आज शनिवार, वद्य दशमी. सकाळी कामांची यादी केली. शाळेचं छप्पर शाकारायला माणूस बघणं: झालं. तुझ्या धाकट्याला चौकच्या शाळेत घालण्याबद्दल बाळूशी बोलणं: झालं. चांगूवहिनींच्या दोन खाचरांतलं तण काढायला वाडीतल्या ठाकरांना सांगणं: झालं, सोमवारी येतील. गुडघ्याला तेल: लावलं.

एक राहिलं आहे. ती चढण मी सोळा वर्षं चढलो, पण मोकळ्या हातानं. घाटावरून तांब्या भरून घ्यायचा आणि वर दगडापर्यंत न्यायचा, हे मी एकदाही केलेलं नाही. पळत जमणार नाही, चालत नेईन. मंगळवारीच नेणार होतो. पण म्हटलं, कडा गळतोय, पाणी कुणाचं ते कळायचं नाही, चार दिवस जाऊ दे.

उघडीप पडून आज पाचवा दिवस. कडा वाळला असेल. अंगणात ऊन आहे, आणि तांब्या माझ्या फळीवर पालथाच आहे.